दर वर्षी एक चेहरा: लोव्हिस कोरिंत, आरसा आणि साताऱ्याचा उजेड

म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात ६६ बाय ८६ सेंटिमीटरचं एक आडवं तैलचित्र आहे. काचेची मोठी खिडकी, बाहेर घरांची छपरं आणि धुराडी. खिडकीला पाठ करून एक भरदार, मिशीवाला माणूस थेट आपल्याकडे बघतोय आणि त्याच्या शेजारी आकड्याला सांगाडा टांगलेला आहे. शरीरशास्त्र शिकवायला चित्रशाळेत असतो तसला. लोव्हिस कोरिंत या जर्मन चित्रकाराने हे १८९६ साली रंगवलं आणि त्यावर स्वतःचं वय लिहिलं, ३८.

याच्या आधी, १८७२ साली, ब्योकलिन या स्विस चित्रकाराने स्वतःच्या कानाशी फिडल वाजवणारा मृत्यू रंगवला होता. त्या चित्रातला सांगाडा जिवंत आहे, काहीतरी सांगतोय. कोरिंतचा सांगाडा मात्र निव्वळ सामान आहे. त्याला लावलेला लोखंडी आकडासुद्धा दाखवलाय. शेजारी गालावरचं मांस, मानेची वळी, शर्ट, टाय, सगळं त्याच बारकाईने. माझ्या मते कोरिंतची सेल्फ पोर्ट्रेट समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. त्याने स्वतःचा चेहराही सामानासारखाच वापरला. फुकट मिळणारा, कधीही हजर असणारा आणि ज्याची खुशामत करायची गरज नाही असा मॉडेल.

कोरिंतचा जन्म २१ जुलै १८५८चा, पूर्व प्रशियातल्या टापियाऊ गावचा. घरचा धंदा कातडी कमावण्याचा. शिक्षण क्योनिग्सबर्ग आणि म्युनिकला, थोडे दिवस अँटवर्पला आणि मग १८८४ ते ८७ पॅरिसला अकादमी ज्युलियन या चित्रशाळेत, बुगेरो या फ्रेंच चित्रकाराच्या हाताखाली. बुगेरोकडचं काम गुळगुळीत. ब्रशचा फटकारा दिसला तर ती चूक. त्या तालमीतून आलेला माणूस शेवटी पाती फिरवल्यासारखा जाड रंग ओढायला लागला. हा सगळा प्रवास त्याच्या चेहऱ्यांत क्रमाने बघायला मिळतो, कारण साधारण १९००पासून वाढदिवसाच्या सुमाराला दर वर्षी स्वतःला रंगवायचा त्याने नेम धरला होता.

डिसेंबर १९११मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली आणि उजव्या हातालाही कंप राहिला. पुढच्याच वर्षी त्याने बायबलमधला डोळे फोडलेला सॅमसन रंगवला. चिलखत घातलेलं सेल्फ पोर्ट्रेट १९१४चं, ते हॅम्बुर्गला आहे. १९१८च्या चित्रात स्टुडिओतल्या चिलखताचे सुटे भाग जमिनीवर विखुरलेत आणि आत माणूसच नाही. १९२४मध्ये बव्हेरियातल्या वाल्खेनसे तळ्यासमोर उभं राहून त्याने स्वतःला मोठ्या आकारात रंगवलं. तिथे चेहऱ्याच्या कडा जागोजागी तुटल्या आहेत, तरी कवटी पक्की जागच्या जागी आहे. आजारामुळे हात सैल झाला असं सरसकट लिहिलं जातं, ते मला पटत नाही. सैलपणा त्याच्या कामात आजाराआधीच यायला लागला होता. आजारानंतर त्याने तो लपवायचं सोडलं. आणि सैल फटकारे अचूक जागी पडतात याचं श्रेय पॅरिसच्या त्या तीन वर्षांच्या ड्रॉइंगला द्यावं लागेल.

आता हा नेम साताऱ्या-सांगलीत कुणाला धरायचा असेल, तर काय लागतं ते बघू.

आधी उजेड. पुस्तकात लिहिलेलं असतं, उत्तरेची खिडकी घ्या. म्युनिक ४८ अंश उत्तरेला आहे, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. सातारा १७.७ अंशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला कलतो, सांगलीत आणखी काही दिवस जास्त. जून-जुलैत ढग असतात म्हणून कळत नाही. मेमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरकं ऊन थेट चौकटीवर आणि फरशीवर येतं, फरशीवरून हनुवटीखाली लाल-पिवळा उजेड उसळतो आणि मानेची सावलीच नाहीशी होते. अशा वेळी खिडकीला पांढरं सुती कापड लावा आणि फरशीवर गडद सतरंजी टाका. खिडकीचा खालचा भाग साडेचार-पाच फुटांपर्यंत पुठ्ठ्याने झाका म्हणजे उजेड वरून उतरेल आणि नाकाखाली, भुवईखाली सावली पडेल. ट्यूबलाइट बंद. दोन उजेड एकत्र आले की रंगाचा अंदाज चुकतोच.

दक्षिणेची खिडकी असेल तर शहरातून अजिंक्यतारा दिसतो आणि चित्रात घ्यावासा वाटतो, कोरिंतने छपरं घेतली तसा. पण खिडकी पाठीशी आली की चेहरा काळवंडतो. समोर, आरशाच्या बाजूला, पांढरी चादर किंवा थर्माकोलचा मोठा पत्रा उभा करा. कोरिंतच्या १८९६च्या चित्रात पाठीशी एवढी खिडकी असूनही चेहऱ्यातलं सगळं वाचता येतं, ते अशाच समोरच्या उजेडाशिवाय होत नाही.

आरसा कपाटाचा नको, तो बऱ्याचदा वाकलेला असतो. काचवाल्याकडून ५ मिमी जाडीचा, दीड बाय दोन फुटांचा कापून घ्या आणि प्लायवर बसवा. त्याची मधली रेघ डोळ्यांच्या उंचीला. खाली लागला तर नाकपुड्या दिसतात आणि चेहरा गर्विष्ठ होतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने कॅनव्हास उजवीकडे आणि आरसा डावीकडे, अगदी चिकटून ठेवावा. मध्ये फूटभर जागा राहिली की दर वेळी मान फिरते आणि परत येताना ती थोडी वेगळ्याच जागी थांबते. सेल्फ पोर्ट्रेटमध्ये एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर चढलेला दिसतो, तो बहुतेक यामुळेच.

आरशाची एक गंमत मापाला फार उपयोगी आहे. आरशाच्या काचेवर तुमच्या डोक्याचं प्रतिबिंब नेमकं निम्म्या मापाचं असतं, तुम्ही कितीही लांब जा. एक डोळा मिटून मार्करने काचेवर टाळू आणि हनुवटीची खूण करा. २२ सेंटिमीटरचं डोकं काचेवर ११ सेंटिमीटर भरतं. म्हणजे काचेवरचं कुठलंही माप दुप्पट केलं की चेहरा खऱ्या आकाराचा. बुबुळांच्या जागी काचेवर दोन बारीक ठिपके द्या, पायांभोवती खडूने फरशीवर रेघ मारा. विश्रांतीनंतर पाय खडूत, बुबुळं ठिपक्यात. आरशापासून एक मीटरवर उभं राहिलं की तुम्ही स्वतःला दोन मीटरवरून बघता, आणि तेवढं अंतर बरोबर आहे. अर्ध्या मीटरवर नाक फुगतं आणि कान मागे जातात.

उलटापालटीचं मात्र आधी ठरवा. उजव्या हातातला ब्रश चित्रात डाव्या हातात जातो. शर्टाची बटणपट्टी उलटते, भांग उलटतो. पदर डाव्या खांद्यावरचा उजव्यावर येतो, तो आपल्याकडे लगेच खटकतो. उघड्या अंगाचं चित्र असेल आणि जानवं असेल तर ते अपसव्य दिसतं, श्राद्धाला करतात तसं. घरातली वडीलधारी मंडळी नेमकं तिथेच बोट ठेवणार. चेहरा आहे तसा राहू द्या, तो तुमचा आरशातला चेहरा आहे. कपडे आणि हात हवे तर सुलटे करा, पण त्यासाठी अंगठा कुठल्या बाजूला येतो हे वेगळं स्केच करून बघा. कोरिंतने स्वतःच्या चेहऱ्याची छापचित्रंही बरीच केली. तांब्याच्या पत्र्यावर आरशात बघून थेट कोरलं तर छापताना चित्र पुन्हा उलटतं आणि माणूस जगाला दिसतो तसा सुलटा येतो.

कॅनव्हास १६ बाय २० इंच पुरे. डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत साडेसात ते आठ इंच, खऱ्यापेक्षा किंचित लहान. खऱ्यापेक्षा मोठं काढलं की चेहरा सुजल्यासारखा वाटतो. रंग पाचच: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, अल्ट्रामरीन ब्लू, आयव्हरी ब्लॅक. पहिली वीस मिनिटं लाइट रेड आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर फासा आणि चिंधीने पुसून उजळ भाग काढा. नंतर सावल्यांचे मोठे तुकडे. डोळ्यांच्या खोबणीची सावली नाकाच्या सावलीला मिळते का, ते आता बघायचं, पापण्या नंतर. मग मधले टोन. पांढरा अगदी शेवटी.

बहुतेकांचं चित्र पांढऱ्यानेच बिघडतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर कपाळाची चकाकी म्हणजे खिडकीतलं आकाश, म्हणून ती निळसर करडी असते. तिथे पांढरा आणि यलो ऑकर लावला की कातडीला पावडर फासल्यासारखी दिसते. पांढऱ्यात काळ्याचा कण टाका, निळसर करडा आपोआप मिळतो. यलो ऑकरमध्ये थोडा काळा मिसळला की हिरवट छटा येते, ती जबड्याच्या वळणावर लागते. कान आणि नाकाचा शेंडा गालापेक्षा तांबूस. डोळ्यातला पांढरा भाग तर पांढरा नसतोच, भुवईच्या सावलीत तो कातडीएवढाच गडद असतो. चित्र डोळे फाडून बघतंय असं वाटलं तर आधी तिथला पांढरा उतरवा.

छापील किंवा मोबाइलवरच्या चित्रात कोरिंतच्या रंगाची जाडी कळत नाही. तैलरंगातली कातडी जवळून बघायची तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्री भवानी वस्तुसंग्रहालयात जा. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत. बाजूने उजेड पडेल असं तिरकं उभं राहून बघा, कुठे रंगाचा थर आहे आणि कुठे नुसती झिलई आहे ते दिसतं. रविवर्म्याचा हात कोरिंतच्या शेवटच्या वर्षांपेक्षा बुगेरोच्या जवळचा, तेव्हा तुलना करायला तो चांगलाच.

कोरिंतचा वाढदिवस जुलैचा. इथे जुलैत उजेड दिवसभर एकसारखा, करडा, सेल्फ पोर्ट्रेटला उत्तम. पण रंग वाळत नाही. मार्चमध्ये दोन दिवसांत हाताला न लागणारा थर जुलैत आठवडाभर चिकट राहू शकतो, आणि त्यावर दुसऱ्या दिवशी काम केलं की खालचा रंग उखडून चिखल होतो. म्हणून पावसाळ्यात एकाच बैठकीत, ओल्यावर ओला, तीन-चार तासांत संपवा. जमलं नाही तर चाकूने खरवडून टाका आणि पुन्हा लावा. दोन बैठका हव्याच असतील तर खालच्या थरात जवसाचं तेल घालू नका, नुसतं टर्पेंटाइन. आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो. त्याचा जाड थर खाली आणि लवकर वाळणारा रंग वर असं झालं की पुढे भेगा पडतात.

फटकारे सैल हवेत म्हणून पहिल्याच वर्षी दोन इंची ब्रश घेणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, पहिली दोन-तीन वर्षं घट्ट, मापात काढा. आकार, तारीख, आरशाचं अंतर आणि खिडकी दर वर्षी तीच ठेवा. या चार गोष्टी बदलल्या तर दोन चित्रांत फरक तुमच्यामुळे पडला की खिडकीमुळे, हे कळायचं नाही. मागच्या वर्षीचं चित्र काम संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून ठेवा. नंतर दोन्हींचे फोटो कृष्णधवल करून शेजारी लावा. रंगाने झाकलेल्या टोनच्या चुका तिथे उघड्या पडतात.

कॅनव्हासच्या मागे चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीने तारीख, वय, वापरलेले रंग आणि आरशाचं अंतर लिहा. कापडावर बॉलपेनने नको, ते पुढून उमटतं. पावसाळ्यात चित्र थेट भिंतीला टेकवू नका. मागे दोन बुचं चिकटवून बोटभर फट ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत कापडाच्या मागे बुरशीचे ठिपके येतात. आलेच तर चित्र कोरड्या दिवशी बाहेर सावलीत ठेवून मागून मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. आणि सुती कॅनव्हास दमट हवेत सैल पडला म्हणून लगेच चौकटीच्या कोपऱ्यांतल्या, कापड ताणायच्या पाचरी ठोकू नका. ऑक्टोबरच्या हवेत तो पुन्हा ताणला जातो, आणि पावसात ठोकलेल्या पाचरीने तेव्हा कोपऱ्यात फाटतो.