तीस-साठचा टॉवेल एक्सेलमध्ये शोधताना

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका टॉवेल-चादरीच्या होलसेल दुकानात मी हिशेब आणि स्टॉक बघतो. मालाची यादी एक्सेलमध्ये आहे आणि वर्षानुवर्षं ज्याच्या हाती कीबोर्ड लागला त्यानं ती भरली आहे. टॉवेल, टावेल, टॉवल, सगळं सापडेल. साईज कुणी 30*60 लिहितो, कुणी 30×60, कुणी मध्ये जागा सोडतो. पंढरपूरच्या एका लॉजवाल्यांनी पांढरे, 30 बाय 60 इंची, किमान 450 जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) टॉवेल मागितले आणि मालक म्हणाले, "काय काय शिल्लक आहे, आजच कळवा त्यांना."

साधं कंट्रोल-एफ इथं गंडतं. एक्सेलच्या शोधात * म्हणजे 'इथं काहीही चालेल'. 30*60 टाकलं की '300 जीएसएम 27*60' पण हजर! खरी चांदणीच हवी असेल तर तिच्याआधी ~ लावायचं, 30~*60. (कंट्रोल-एचनं चांदण्या बदलणार असाल तर हे विसरू नका, नुसती * दिलीत तर खान्यातला सगळा मजकूर उडतो.) मला चांदणी आणि फुली दोन्ही हव्या होत्या, म्हणून 30?60. प्रश्नचिन्ह एकाच अक्षराची जागा घेतं.

पण काना-मात्राही एक्सेल वेगळं अक्षर म्हणून मोजतं. टॉवेल त्याच्या हिशेबी पाच अक्षरांचा. त्यामुळं ट?वेल टाकल्यावर टॉवेल आणि टावेल आले, टॉवल राहिला. *ट*व*ल* नं तिन्ही पकडले, सोबत 'पट्टेवाली चादर'ही घुसली. तिच्यासाठी <>*चादर*, म्हणजे चादर असलेलं सोडून.

एवढ्या अटी एकत्र लावायला डेटा टॅबमधलं अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टर. बाजूला अटींचा छोटा तक्ता करायचा, मथळे यादीतल्यासारखेच हुबेहूब. एका ओळीतल्या अटी सगळ्या पाळल्या जातात, वेगळ्या ओळी म्हणजे 'हे किंवा ते'. एकाच रकान्यावर तीन अटी असतील तर तो मथळा तीनदा लिहायचा. आणि जागा सोडलेल्या 30 ? 60 साठी दुसरी ओळ केली, तर बाकीच्या अटीही त्या ओळीत पुन्हा भराव्या लागतात. तक्त्यात एखादी ओळ रिकामी राहिली की अख्खी यादी समोर येते.

जीएसएमला >=450 लावलं तर निम्मा माल गायब, कारण बऱ्याच खान्यांत '450 जीएसएम' असा मजकूर होता, आकडा नव्हता. कंट्रोल-एचनं 'जीएसएम' काढून टाकल्यावर तो माल दिसायला लागला.

रंगाचे पांढरा, सफेद, व्हाइट असे तीन अवतार. दोन साईजच्या ओळी गुणिले तीन, सहा ओळी भरण्यापेक्षा यादीतच सगळीकडे 'पांढरा' करून टाकलं. मालक अजून सफेदच म्हणतात.