टायर उभाच होता

"खिळा लागलाय, तेवढं पंक्चर काढून द्या. हवा फारशी गेलेली नाही. बघा ना, टायर बसलाय का कुठे?"

माझ्या टायरच्या दुकानात आलेले गृहस्थ म्हणाले. खरंच बसला नव्हता. तो रनफ्लॅट होता, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा. त्याच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत, जादा रबर असतं. हवा नसली तरी गाडीचा भार तीच पेलते. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गेज लावला, काटा शून्यावर.

हवा कमी झाल्याचा दिवा कधी लागला, विचारलं. "काल दुपारी. मग मी रिसेट केला, गेला." त्या गाडीच्या चाकांत सेन्सर नाहीत. कुठलं चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतंय यावरून ती हवा ओळखते, आणि रिसेट दाबलं की त्या घडीला आहे तीच हवा बरोबर धरते. हवा हळूहळू उतरत होती आणि गृहस्थांनी इशाराच पुसून टाकला. आधी हवा भरायची, मग रिसेट, हे गाडी विकताना कोणी सांगत नाही याची मला चीड येते.

"रनफ्लॅट आहे ना, चालतो की!" चालतो. पण साधारण 80 किलोमीटर, तेही ताशी 80 च्या आत. गाडी भरलेली असेल तर आणखी कमी. ते अंतर दुकान गाठण्यासाठी आहे. ते आदल्या दुपारपासून फिरत होते.

हा टायर उतरवणं सोपं नसतं. साइडवॉल ताठ, बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कडा, रिमच्या उंचवट्यामागे घट्ट. मशीनचा जोडहात लावायचा, साबण दोनदा फिरवायचा आणि थोडी थोडी सोडवायची. घाई केली की बीड फाटते. आत बोट फिरवलं तर काळी पूड लागली, हवेविना चालून आतून झिजलेलं रबर. साइडवॉलच्या अस्तरावर गोल सुरकुती, पूर्ण फेरा. खिळ्याचं भोक मात्र ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, मधोमध, जेमतेम तीन मिलिमीटर. आत पूड नसती तर पॅचचा विचार तरी केला असता.

मी नाही म्हणालो, पूड दाखवली. "बाहेरून ओरखडासुद्धा नाही," म्हणाले. गाडीत स्टेपनी नव्हतीच. कोणाला तरी बोलावून त्यांनी टायर पाठवला, तो तासाभराने पॅच लागून आला आणि माझ्याच दारात चढला. बाहेरून नवा दिसत होता.

तो टायर पुन्हा चढू नये म्हणून साइडवॉल कापून टाकायला हवी होती का, अजून ठरत नाही. टायर त्यांचा होता. निघताना एवढंच म्हणालो, "आता दिवा लागला तर बटण दाबू नका, गाडी थांबवा." ते हो म्हणाले.