१२० इंची घडीचा पडदा: मधल्या लाटा गेल्या, दोष कापडाचा नव्हता

प्रोजेक्टरसाठी पाईपच्या चौकटीवर ताणलेल्या घरच्या पडद्यावरच्या मधल्या लाटा अखेर गेल्या. मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल: कोपऱ्यांत कापड टणक ताणलेलं आणि मधल्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात मात्र आडव्या लाटा. चित्रपटात कॅमेरा बाजूला सरकला की इमारतींच्या सरळ कडा त्या पट्ट्यातून जाताना हलायच्या. जास्त जाड कापड, जास्त बंजी (कापड चौकटीला ओढून धरणारे लवचीक दोरीचे फास), आणखी घट्ट शिवण हे सगळे उपाय चुकीच्या जागी लागत होते. खरा दोष चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पाईपचा होता.

आधी सुरकुतीची दिशा वाचायला शिका. कापडावर ज्या दिशेने ताण जास्त, सुरकुती त्याच दिशेने धावते. उपाय करायचा तो तिच्या काटकोनात. कोपऱ्यातून तिरकी निघालेली सुरकुती म्हणजे कोपरा जास्त ओढलाय. मध्यावरची आडवी लाट म्हणजे तिथे उभा ताण कमी पडतोय. अशा वेळी बाजूच्या बंजी आवळल्या की लाटा वाढतातच.

उभा ताण मध्यावरच का कमी पडतो, याचा हिशोब मांडला आणि गोष्ट लख्ख झाली. १२० इंची १६:९ पडद्याचं पांढरं क्षेत्र २६६ × १४९ सेंमी, म्हणून चौकटीचा आडवा पाईप साधारण २.८ मीटर. दर २० सेंमीला एक बंजी धरली तर वर १४ बंजी. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने एका बंजीची ओढ मोजली तर सुमारे १ किलो भरते. म्हणजे पाईपवर एकूण १४ किलो. २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियम पाईप या ओढीने मध्यावर जवळजवळ ७५ मिमी आत वाकतो. खालचा पाईप तेवढाच वर येतो. दोन्ही मिळून १५ सेंमी! कापड ढिलं दिसलं म्हणून बंजी आवळाव्यात तर पाईप आणखी वाकतो आणि मधला पट्टा होता तिथेच राहतो. बाजूच्या १.६ मीटरच्या पाईपांना हा त्रास नाही; बंजीमागे तेवढ्याच ओढीला ते ८ मिमीच वाकतात.

उपाय एकच आणि स्वस्त: वरच्या आणि खालच्या पाईपच्या बरोबर मध्ये एक उभा टेकू. लांबी निम्मी झाली की बाक कित्येक पटींनी घटतो. हिशोबाने तो जेमतेम २ मिमी उरतो, आणि पडद्यावर फरक तसाच दिसतो. टेकूवर सुमारे ९ किलो दाब येतो, तेवढ्याला १६ मिमीचा पाईप पुरतो. लांबी दोन पाईपांमधल्या अंतरापेक्षा २-३ मिमी जास्तच कापा, म्हणजे बंजी लावण्याआधीच तो किंचित दाबात बसतो; आखूड कापलेला टेकू निसटतो.

टेकूचा एक धोका आहे. कापड त्याला टेकलं की मधोमध उभी रेघ दिसते, आणि स्पॅनडेक्ससारख्या अर्धपारदर्शक कापडामागे चकचकीत धातू असेल तर न टेकताही फिकट पट्टा उमटतो. म्हणून बंजी पाईपच्या पुढच्या अंगावरून वर घेऊन मागच्या हुकात अडकवायची. त्यामुळे कापड पाईपच्या पुढच्या पृष्ठभागाशी येतं आणि टेकूपासून काही मिलिमीटर सुटं राहतं. टेकूला मॅट काळा रंग द्या, चमकदार काळा नको.

अडकवण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी वरचा मध्य, मग खालचा मध्य, मग डावी-उजवी बाजू मध्यावर. तिथून समोरासमोरच्या जोड्या घेत कोपऱ्यांकडे जायचं. कोपरे सगळ्यात शेवटी, आणि तिथली ओढ इतरांपेक्षा थोडी कमी. तपासायला प्रोजेक्टर लावायची गरज नाही. खोलीत अंधार करून टॉर्च पडद्याच्या कडेला चिकटवून तिरपा प्रकाश टाकला की प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसतो. अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे पडद्याच्या अगदी जवळ ठेवायचा प्रोजेक्टर नेमका असाच तिरपा प्रकाश टाकतो. म्हणून त्याच्यासाठी ताणलेलं मऊ कापड घेऊच नका, कितीही टेकू लावले तरी.

हे लिहिता लिहिता जोडांचा आराखडा बदलतोय. आडवा पाईप तीन तुकड्यांत करायचं ठरलं होतं, पण त्यात दोन्ही जोड टेकूपासून लांब, विनाआधार भागात येतात. दोन तुकडे जोडणारी आतली नळी ५ सेंमीच शिरत असेल आणि अर्धा मिलिमीटर सैल असेल, तर तेवढ्यानेच जोड अर्ध्या अंशाहून जास्त डुलतो. दोन तुकडे करून जोड टेकूवरच आणला तर आधार नेमका त्याखाली मिळतो. पिशवी १.४ मीटर लांब होईल, ती होऊ दे. आतली नळी मात्र दोन्हीकडे किमान १२ सेंमी शिरली पाहिजे.

दुसरा बदल जास्त जिव्हारी लागणारा आहे. मागून प्रक्षेपण करायचं तर टेकू चालणारच नाही, कारण त्याची सावली चित्राच्या मधोमध पडेल. त्यासाठी फक्त आडवे पाईप ४० × ४० × १.५ मिमी चौकोनी घ्यावेत. बाक १० मिमीवर येतो, आणि वजन मीटरमागे ३०० ग्रॅमवरून ६२० ग्रॅमवर जातं. उरलेले १० मिमी शिवणीतच सोडवता येतील, असं आत्ता सुचतंय: कापडाची वरची-खालची कड मध्यावर तेवढीच आत कापायची, म्हणजे सगळ्या बंजींची ओढ सारखी राहील. पुढचं कापड तसंच कापायचं.

कापडाबद्दल थोडक्यात. पीव्हीसी रंगाला एकसारखं असतं, पण घडी घातली की तिची खूण जात नाही. ते गुंडाळूनच ठेवावं लागतं. घडी करून पिशवीत भरायचं असेल तर पॉलिस्टर-स्पॅनडेक्स. त्यातून प्रकाश मागे निसटतो, म्हणून मागे काळं कापड वेगळं टांगा; दोन्ही एकत्र शिवले तर त्यांची लवचिकता वेगळी पडून नव्या सुरकुत्या येतात. विक्रेत्यांच्या '८के कापड' या शिक्क्याला अर्थ नाही. वीण पिक्सेलपेक्षा बारीक असली की झालं. इंचही विचारून घ्या, कारण काही जण काळी किनार धरून कर्ण सांगतात.

१५० इंचांचा मोह होणाऱ्यांनी लुमेन, म्हणजे प्रोजेक्टरच्या प्रकाशाचं माप, आधी बघावेत. गेन (पडदा प्रकाश किती परत फेकतो त्याचं माप) १ धरून खरे १००० एएनएसआय (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) लुमेन १२० इंचांवर सुमारे २३ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं एकक) देतात, १५० वर १५. चित्रपटगृहातलं डिजिटल मानक १४ आहे, म्हणजे १५० इंचांवर दिवा जुना व्हायला काहीच जागा उरत नाही. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे लुमेन एएनएसआय नसतील, तर हिशोबात धरूच नका.

अंगणात लावायचा तर वारा. ४ चौरस मीटर पडद्यावर सेकंदाला ५ मीटर वारा साधारण साडेसात किलो ढकलतो, १० मीटर असेल तर चौपट, म्हणजे ३० किलो. खालची कड ९० सेंमीवर आणि मागचा पाय ६० सेंमी असेल तर ५ मीटरच्या वाऱ्यालाच मागे उलटू नये म्हणून पुढच्या बाजूला एकूण २० किलो वाळू हवी. १० मीटरच्या वाऱ्यात पडदा उतरवायचा. पायाची लांबी ९० सेंमी केली तर वाळू १४ किलोवर येते, म्हणून पुढची कापाकापी पायांचीच.