शुगरवाली

"दिनभर कापूस येचस ताई, आखो चालाले कोठे जाऊ?"

अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका गावची बाई, पन्नाशीच्या अलीकडची. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे कंबरदुखीवाले येतात, पण तिच्या केसपेपरवर मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : जुनं नैराश्य, सर्ट्रालिन (नैराश्यावरची गोळी) चालू, फरक अर्धवट, व्यायाम जोडावा. मन दोन वर्षांहून जास्त असं मिटलेलं राहिलं की ते चिवट नैराश्य. हिचं सहा वर्षांचं होतं. रडणं नाही, आदळआपट नाही. "काहीच गोड लागत नही," एवढंच.

मी पाठ केलेलं सांगून टाकलं : रोज अर्धा तास चालायचं, आठवड्यातून पाच दिवस. १५० मिनिटांचा तक्ता माझ्या भिंतीवरच आहे. पंधरा दिवसांनी ती आली ती एक पाऊलही न चालता, आणि वर मान खाली घालून. 'आपल्याच्यानं एवढंही होत नाही' हे आणखी एक ओझं मी तिला बांधून दिलं होतं.

प्रश्न मात्र तिचा बरोबर होता. राबणाऱ्या बाईला व्यायाम कसला? कापूस वेचताना कंबर मोडते, पण चाल आपली नसते, थांबणं आपलं नसतं, मजुरी किलोवर. आपल्या मर्जीनं केलेल्या हालचालीनं मनाला जो फायदा होतो, तो कामाच्या श्रमांतून तसा मिळत नाही, असं अभ्यासांतही दिसलं आहे. मी आकडा खाली आणला : दहा मिनिटं, आठवड्यातून तीन वेळा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. "अखाजीनं गानं म्हनता उनं तं?" असं तिनं विचारलं; अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मग पाय उचला, म्हटलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

तरी गावात बाई रिकामी फिरताना दिसली की दहा जण विचारणार. इथं माझं शिक्षण कामाला आलं नाही, तिचं डोकं आलं. शेजारच्या काकूंना शुगर. त्या पहाटे गावदरीच्या रस्त्यानं मारुतीपर्यंत जायच्या आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. हिनं सांगून टाकलं, मलापण शुगर निघाली! नैराश्याला आपल्याकडे तोंड लपवावं लागतं, शुगरला नाही. सासूनं लगेच तिच्या चहातली साखर बंद केली. गोडाची आवड असलेली बाई तीन महिने फिका चहा पीत राहिली, पण चालत राहिली. नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या तपासणीत (गुण जास्त तेवढा त्रास जास्त) १७ गुण होते, ते ९ वर आले. झोप सुधारली, होळीला पुरण स्वतः वाटलं.

आणि मी हवेत. नवरा एकदा सोबत आला, तेव्हा त्याला कौतुकानं सांगत बसले : अमेरिकेत १९९९ साली पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांवर अभ्यास झाला होता, सोळा आठवड्यांनी नुसता व्यायाम करणारे आणि सर्ट्रालिन घेणारे जवळपास सारखेच सुधारले. तो मन लावून ऐकत होता. मला बरं वाटलं.

मग तीन आठवडे ती आलीच नाही. चौथ्या मंगळवारी नवऱ्यानं धरून आणली. चक्कर, झोप गेलेली, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. गुण १५. गोळ्या कधी बंद केल्या, विचारलं. "तुम्हीच बोल्ले ना ताई, चालनं गोयीइतलंच काम करस. मंग गोया कसाले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो अभ्यास खरा, पण हिच्यासाठी नव्हता. हिला लागू पडणारा अभ्यास २०११चा : गोळीनं पुरता गुण न आलेल्या १२६ जणांना गोळी चालू ठेवून वर व्यायाम दिला होता. 'वर' हा शब्द मी गाळला होता. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, हळूहळू वाढवायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. मी नवऱ्याला नीट बसवून सांगितलं, की विहिरीला पाणी आलं म्हणून कुणी मोटार काढून ठेवत नाही. शेतकरी माणूस, लगेच मान हलवली.

चालणं सुटलं होतं का, हे तिला विचारायची मला भीती वाटत होती. तिनंच सांगितलं, काकू दारात येऊन उभ्या राहायच्या, म्हणून चक्कर येत असतानाही दोनदा मारुतीपर्यंत गेले.

जाताना बाहेरच्या टपरीवर मी तिघांचा चहा सांगितला. पोऱ्यानं विचारलं, कोणाचा बिनसाखरेचा? नवऱ्यानं बायकोकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग पोऱ्याला म्हणाली,

"मन्हा चहामा दोन चमचा टाक. आठे कोनी वयखत नही माले."