सर्फ, दोन अकूस्टिकवर: नववा आठवडा

'पाइपलाइन' ही सर्फ संगीतातली (१९६० च्या दशकातलं, कॅलिफोर्नियातलं इलेक्ट्रिक गिटारचं संगीत) धून आमच्या दोन अकूस्टिक गिटारवर अखेर बसली. काल सलग तीन वेळा वाजवलं, एकाही जागी थांबावं लागलं नाही, आणि तिसऱ्या वेळी शेवटचा स्वर विरेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही.

मागच्या नोंदीत रिव्हर्बवर, म्हणजे स्वरामागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्यावर, गाडं अडलं होतं. फेंडर या गिटार कंपनीने १९६१ मध्ये स्प्रिंग रिव्हर्बचा वेगळा डबा काढला आणि सर्फ म्हटलं की तोच ओला, खोल आवाज कानात बसला. आमच्याकडे दोन अकूस्टिक, अ‍ॅम्प नाही. म्हणून आम्ही रिव्हर्बची नक्कल करत होतो: मी स्वर वाजवायचा, जोडीदाराने तोच स्वर किंचित उशिरा, हळू वाजवायचा. रेकॉर्डिंग ऐकलं तर चुकामूक झालेली दोन माणसं एकमेकांना हाका मारताहेत असं वाटत होतं. सहा आठवडे त्यात गेले.

मग सर्फ गिटारवादक डिक डेलचं १९६१ चं 'लेट्स गो ट्रिपिन' पुन्हा नीट ऐकलं. त्यात रिव्हर्ब नाही, तरी सर्फ आहे! म्हणजे मूळ गोष्ट उजव्या हातात आणि जाड तारांत आहे. जोडीदार म्हणाला, "तू माझ्या मागे धावू नकोस, मीही नाही धावत. स्वर लांबवायचं काम तारांना करू दे ना." तिथून रस्ता सापडला.

'पाइपलाइन' ई मायनरमध्ये आहे आणि गिटारच्या सहाही मोकळ्या तारा त्या सुरावटीत बसतात. त्यामुळे आता मी धून दाबून वाजवतो आणि धुनीतला जो स्वर मोकळ्या तारेवर मिळतो तो जोडीदार तिकडे छेडून सोडून देतो. माझं बोट उचललं तरी त्याची तार बोलत राहते. बाकी वेळ तो जाड तारांवर तळहात टेकवून ठेका धरतो. हा पाम म्यूट ब्रिजला (तारा गिटारच्या अंगाला जिथे अडकवलेल्या असतात ती पट्टी) अगदी चिकटून हवा. हात बोटभर पुढे सरकला तरी स्वर हरवतो, नुसतं ठकठक उरतं.

सुरुवातीची जाड तारेवरची घसरण मात्र महिनाभर छळत होती. अकूस्टिकवर बोट निघालं की आधी तारेच्या वेटोळ्यांची खरखर ऐकू येते आणि वाटेतच स्वर मरतो. उपाय हा: एकदा छेडून घसरायचं नाही, खाली येईपर्यंत ट्रेमोलो पिकिंग (तार भराभर वर-खाली छेडत राहणं) चालूच ठेवायचं, आणि पिक, म्हणजे छेडायची चकती, तारेला सपाट लागू द्यायचा. तिरका पिक वेगाला सोपा, पण गुंडाळलेल्या तारेवर तोही खरवडतो. पातळ पिक सोडून मी १.१४ मिमीचा घेतला, तेव्हा प्रत्येक आघात वेगळा ऐकू यायला लागला. सध्या १३५ च्या लयीवर (मिनिटाला १३५ ठोके) हात स्वच्छ चालतो, ठोक्याला चार, म्हणजे सेकंदाला ९ आघात. १५० वर कोपर आखडतं, त्यामुळे तिथे अजून जात नाही.

आता 'मिसिर्लू'. ही मूळची पूर्व भूमध्य भागातली धून. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे, त्यामुळे ती त्याच्या कानावर लहानपणापासूनच होती. १९६२ च्या त्याच्या रेकॉर्डमध्ये ती सहाव्या तारेवर सुरू होते. आम्ही 'पाइपलाइन'चीच युक्ती लावली आणि सगळा चिखल झाला. कारण कागदावर स्वर मांडल्यावर कळलं. ई म्हणजे सा धरला तर हे सरळ भैरवाचे स्वर आहेत: कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी. आणि गिटारची मोकळी तिसरी तार म्हणजे कोमल ग, चौथी म्हणजे कोमल नी. दोन्ही वर्ज्य! छेडल्या नाहीत तरी त्या आपोआप गुणगुणतात आणि सूर गढूळ करतात.

या आठवड्यात जोडीदाराच्या गिटारच्या या दोन तारा अर्धा स्वर वर चढवल्या. ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढतो, हलक्या तारांचा सेट असल्याने तो पेलतो, पण कान देऊन हळूहळूच चढवायच्या. आता त्याच्या मोकळ्या तारा सहाव्यापासून पहिलीपर्यंत अशा: सा, म, नी, ग, प, सा. पहिल्यांदा मी सहाव्या तारेवर धून सुरू केली आणि त्याने फक्त ग आणि प सोडले, तेव्हा गिटारची पाठ माझ्या छातीशी थरथरत होती.

एक अडचण उरलीच आहे. चौथीचा नी वरच्या सा-ला घासतो. ओळीच्या शेवटी, सा वर येण्याआधी, तो घास हवाहवासा वाटतो; इतरत्र कर्कश लागतो. म्हणून जोडीदाराने चौथीखाली ब्रिजजवळ कापडाची घडी सरकवून पाहिली. तार गप्प झाली, पण हवी तिथेही गप्पच राहिली. घडी काढली आहे. आता उजव्या हाताची करंगळी चौथीवर टेकवून ठेवायची आणि त्या एका जागी उचलायची, असा सराव तो ८० च्या लयीवर करतो आहे.