परीक्षेसाठी लिहिलेली फँतेझी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकातली ही जागा संगीतवर्गात आज फ्लूट शिकणाऱ्या मुलामुलींसाठी वापरतो आहे. ज्या रचनेबद्दल लिहायचं आहे, तीही एका संस्थेच्या वार्षिक परीक्षेसाठीच जन्माला आली.

फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांची फ्लूट-पियानोसाठीची 'फँतेझी' (मुक्त घाटाची रचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ७९. पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयात फ्लूट शिकवणारे पॉल ताफानेल यांनी १८९८च्या परीक्षेसाठी ती लिहून घेतली आणि फोरेंनी ती त्यांनाच अर्पण केली. त्या वेळी फोरे तिथेच संगीतरचना शिकवत. परीक्षेत आयत्या वेळी वाचून वाजवायचा छोटा तुकडाही त्यांचाच होता. फँतेझी जेमतेम पाच-सहा मिनिटांची: आधी ई मायनरमधला संथ आंदान्तीनो, मग सी मेजरमधला वेगवान अलेग्रो. मुलं अलेग्रोला घाबरतात. माझ्या मते खरी कसोटी आंदान्तीनोत आहे.

तिथली वाक्यं लांब आहेत. श्वासाच्या जागा पहिल्याच दिवशी पेन्सिलीने ठरवा. श्वासाला लागणारा वेळ मागच्या लांब स्वरातून घ्या, पुढच्या स्वरातून कधीच नको. नाहीतर पियानो पुढे निघून जातो. दुसरी अडचण स्वर हळू करताना येते. फुंक नुसती कमी केली की हवेचा वेग घटतो आणि स्वर उतरतो. ट्यूनर (सूर चढला की उतरला ते काट्याने दाखवणारं यंत्र) समोर ठेवून मधला बी आठ मात्रा धरा, मोठ्याकडून हळूकडे या. काटा डावीकडे झुकला, तर ओठांची फट लहान करा, फुंकेची दिशा किंचित वर घ्या, पोटाचा आधार सोडू नका. हा सराव कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही.

थंड फ्लूटवर सूर लावू नका. धातू गार असताना स्वर उतरलेला असतो. तेव्हा हेडजॉइंट (फ्लूटचा फुंकायचा वरचा भाग) आत ढकललात, तर फ्लूट तापल्यावर अलेग्रोत तुमचा सूर पियानोच्या वर जाईल. आधी पाच मिनिटं वाजवून फ्लूट गरम करा.

अलेग्रोचा वेग पहिल्या ओळीवरून ठरवू नका. सर्वांत अवघड सेमीक्वेव्हरची (पाव मात्रेच्या जलद स्वरांची) ओळ ज्या वेगाला स्वच्छ येते, तोच सुरुवातीचा वेग. जलद स्वरांसाठी जिभेने आलटून पालटून मारायच्या 'तु-कु'मधला 'कु' नेहमी लंगडा पडतो, म्हणून मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर ठेवून काही दिवस फक्त 'कु-कु' करा. मग चार-चारने वाढवा. तिसऱ्या सप्तकातला ई फुटत असेल, तर उजवी करंगळी चावीवरून उचलून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच तो लागतो.

साथीला बसणाऱ्याने अलेग्रोत पेडल अगदी जपून वापरावं आणि फ्लूटवाल्याच्या श्वासाकडे कान ठेवावा. खालच्या सप्तकातला फ्लूट मुळातच नाजूक. पियानोचं झाकण पूर्ण उघडं असेल, तर तो शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.