टाकून दिलेला फेस नव्हता तो

15 जूनला शाळा उघडली त्या सकाळची गोष्ट. प्रवेशोत्सव होता, पहिलीत यंदा तीन पोरं आलेली, दाराला आंब्याचे टाळे बांधून झालेले, फुगे फुगवायचं काम चाललेलं, दहाला केंद्रप्रमुख साहेब येणार आणि मी अंगणात एकदा नजर मारायला गेले तर आमच्या नव्या तळीच्या कडेवर, पाण्याच्या वीतभर वर, चिऱ्याला पांढरा फेसाचा गोळा चिकटलेला. मूठभर असेल. डोक्यात पहिला विचार आला तो साबणाचा.

तळीच्या बाजूच्या नळावर भांडी घासू नका असं मी पोषण आहाराच्या काकींना मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं, कारण साबणाचं पाणी तळीत उतरलं की सगळी मेहनत पाण्यात. मी तशीच स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि पालक उभे असताना, चढ्या आवाजात बोलले. काकी नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, आज अजून गॅस पन नाय पेटवला, भांडी कुठली घासू?" मला ते पटलं नाही. त्या काही न बोलता खराटा आणि बादली घेऊन तळीकडे निघाल्या, फेस धुवायला.

पुढचं सांगण्याआधी ही तळी कशी झाली ते सांगते, नाहीतर त्या एका गोळ्यापायी एवढं काय असं वाटेल.

आमची शाळा दापोली तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. दोन शिक्षकी, पट 17. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं 2023 ला निघालं तेव्हापासून वाडीतल्या लोकांच्या पोटात गोळाच आहे, आपली शाळा राहते की जाते. त्याच्या आधी 3 जून 2020 चं निसर्ग वादळ. अंगणातला फणस आणि दोन आंबे एका दुपारी आडवे झाले, निम्मं छप्पर गेलं. छप्पर परत बसलं, सावली काही परत आली नाही. एप्रिलमध्ये कातळ असा तापतो की मधल्या सुट्टीत पोरं वर्गातच बसून राहायची, आणि हे मला फार लागायचं, कारण लहान शाळेला असतं काय, एक अंगण असतं.

पालकसभेत विषय काढला. मुंबईच्या एका चाकरमान्यांनी सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक घालून देतो म्हटलं, मन मोठं त्यांचं, पण मी म्हटलं आधीच तापतंय त्यावर आणखी सिमेंट नको, झाडं लावूया आणि थोडं पाणी ठेवूया, पाखरं येतील, फुलपाखरं येतील, पोरांना परिसर अभ्यास दारात शिकता येईल. ते ऐकले. नुसते ऐकले असं नाही, मे महिन्यात रजा काढून आले तेव्हा पहार घेऊन स्वतः उतरले. चार रविवार श्रमदान झालं. बचत गटाच्या बाया, माजी विद्यार्थी, दोन गवंडी, आणि उन्हातान्हात घमेली उचलणारी आमची पोरं.

सड्यावर खड्डा खणणं म्हणजे काय ते खणणाऱ्यालाच कळतं. वरचा कातळ फुटता फुटत नाही, एकदा फुटला की खालचा जांभा त्या मानाने मऊ लागतो, पण हवेवर राहिला की तोही टणक होतो, म्हणजे आज अर्धा सोडलेला खड्डा पुढच्या रविवारी परत झगडायला लावतो. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दीड फूट खोल, एवढ्याला तीन रविवार गेले. जांभा पाणी धरत नाही, म्हणून आतून सिमेंट केलं आणि नव्या सिमेंटचा उतारा पाण्यात येतो म्हणून तीनदा भरून तीनदा उपसलं. एक बाजू मुद्दाम उताराची ठेवली, कोंबडीचं पिल्लू पडलं तरी चालत बाहेर यायला पाहिजे. शेजारीच अंगणवाडी आहे, म्हणून सगळ्या बाजूंनी बांबूचं कुंपण आणि कडीचं दार. दीड फूट पाणी आपल्याला काही नाही, तीन वर्षांच्या पोराला ते पुरेसं आहे.

झाडांवरून मात्र बराच वाद झाला. लोकांना शोची झाडं पाहिजे होती, रंगीत पानांची. मी म्हटलं ज्याचं पान कोणी खात नाही त्या झाडाचा आपल्याला उपयोग काय? फुलपाखराला मधाला फूल लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या अळीला ठरावीक झाडाचं पान लागतं हे लक्षात राहत नाही. नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू, 2015 ला जाहीर झालं, पोरं सामान्यज्ञानात पाठ करतात, ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. म्हणून लिंबं घेतली, कृषी विद्यापीठाच्या नर्सरीतून कोकमाची रोपं आणली आणि बाकीचं पोरांनी घरून आणलं, कढीपत्ता, जास्वंद, बांधावरची रुई, खुळखुळ्याच्या शेंगा.

आणि गडगा. उरलेल्या चिऱ्यांचा कुंपणाच्या पलीकडे सिमेंट न घालता गडगा रचायचा असं ठरत होतं, फटींत सापसुरळ्या, बेडूक राहतात म्हणून, तेव्हा एक आजोबा उठले आणि म्हणाले, "बाई, सापसुरळीच्या फटीत फुरसा पन ऱ्हातो." खरं होतं ते. आमच्याकडे फुरसं, हा विषारी साप, दगडाखालीच असतं, आणि वाडीत ज्याला फुरसं चावलेला माणूस माहीत नाही असं घर नसेल. मी हट्ट केला नाही. वर्गाच्या बाजूची भिंत सिमेंटने बांधून घेतली, फटी बुजवल्या, सुटा गडगा पार मैदानाच्या टोकाला नेला आणि तिकडे पोरांनी जायचं नाही हा नियम. पायवाटेचं गवत दर आठवड्याला कापतो. आजोबांचं म्हणणं ऐकलं हे बरंच झालं.

तर ती सकाळ. काकींनी खराटा उचलला आणि चौथीतला एक पोरगा कुंपणाला लटकून ओरडला, "काकी थांबा, आतमधी कायतरी हाय!" मी जवळ गेले. फेसाचं वरचं साल वाळून जरा घट्ट झालेलं आणि एका बाजूला पोराने काडीने टोकरलेलं होतं, तिथून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसत होते. भिजवलेला साबुदाणा असतो ना, तसेच, फक्त लहान. साबणाच्या फेसात दाणे कुठून येणार? मी फोटो काढला आणि आमचाच एक माजी विद्यार्थी दापोलीला झूलॉजी करतो त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दोन मिनिटांत त्याचा फोन. "बाई, हात लावू नका, बेडकाचं घरटं आहे ते."

आपल्या न्हाणीघरात रात्री भिंतीला चिकटलेला तपकिरी बेडूक असतो, बोटांना गोल चकत्या असलेला, तोच हा. पहिल्या पावसात मादी पाण्याच्या वर एखादी जागा धरते, अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून घुसळून त्याचा फेस करते, अंडी त्या फेसात. वरून साल धरतं, आत ओल राहते. चार-पाच दिवसांत पिल्लं तयार झाली की फेस ओघळतो आणि ती टपाटप खाली पाण्यात पडतात. म्हणून खाली पाणी पाहिजे. आमची तळी भरून जेमतेम आठवडा झाला होता. कोणी तिला बोलावलं नव्हतं, अंधारात येऊन आपली जागा बघून गेली.

मी काकींकडे वळले. त्यांच्या हातात खराटा तसाच. पालक होते, पोरं होती, ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोरच मी म्हटलं, "काकी, चुकलं माझं." त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. माफ केलं की नाही ते मला त्या दिवशी कळलं नाही, आणि दिवसभर प्रवेशोत्सवात माझं लक्ष नव्हतं.

पोरांनी मात्र लगेच काम सुरू केलं. आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते त्यांनी गेल्या वर्षी सहलीत बघितलेलं, तिथे अंड्यांभोवती जाळीचं कुंपण असतं, तसंच इथेही पाहिजे म्हणून काठ्या रोवल्या, भोवती सुतळी बांधली आणि पाटीवर लिहिलं, "अंडी आहेत. टोकरू नये." ज्याने टोकरलं होतं त्यानेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांचंही खरंच होतं, पावसाळ्यात डेंग्यू असतो, आठवड्याला कोरडा दिवस पाळा असं त्या घरोघर सांगतात आणि शाळेतच साचलेलं पाणी. उपसा म्हणाल्या. नाहीतर गप्पी मासे देते. आमच्या झूलॉजीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला गप्पी नको, बाहेरचा मासा आहे, पावसात वाहून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेला की तिथे पसरतो, त्यापेक्षा व्हाळातलेच कपाळावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे थोडेसे सोडा. ते सोडले, आणि माशांनी बेडकाची पिल्लं खाऊ नयेत म्हणून उताराच्या बाजूला दगड रचून उथळ पाणी वेगळं काढलं. आशाताई आता दर आठवड्याला येऊन बॅटरी मारून अळ्या बघतात. त्यांनी बघितलंच पाहिजे, मी त्यांना तसं सांगितलंय.

19 तारखेला सकाळपासून धो धो. तिसरीचा गणिताचा तास चाललेला आणि खिडकीजवळची पोरगी एकदम उभी राहिली, "बाई, फेस वितळला!" मी पुस्तक मिटलं. छत्र्या तीन, पोरं 17, सगळे कुंपणाला. फेस चिऱ्यावरून ओघळत होता आणि त्यातून काळे ठिपके, शेपटी वळवळणारे, एकेक करून पाण्यात पडत होते. काही कडेला अडकले, पुढच्या सरीने खाली आले. पोरं मोजायला लागली, चाळीसच्या पुढे मोजणी चुकली. कोणी ओरडत नव्हतं. एवढी शांत माझी पोरं प्रार्थनेला पण नसतात.

काकी मागे डोक्यावर इरलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कधी येऊन बघायला सुरुवात केली मला कळलं नाही. घासायची भांडी त्यांनी चार दिवसांपासून पार मागच्या नळावर न्यायला सुरुवात केली होती, लांब पडतं ते, मी सांगितलं नव्हतं.

सोमवारी मी शाळेत आले तर काकी दारातच. "बाई, मागच्या नळाखालच्या बादलीला हात लावू नका," म्हणाल्या. बादलीच्या आतल्या कडेला नवा गोळा होता. वर त्यांनी त्यांची खिचडीची मोठी परात अर्धी झाकून ठेवली होती.